टिकलीला टिकली

ऐका ना, परवा नव्या शहरातल्या नव्या रूमवर लॅपटॉप उघडला आणि बघतच राहिले. चार्जरच्या भोकाशेजारी हिरवी टिकली चिकटवलेली. वायरच्या टोकावरही तशीच.

हे आईचंच काम. ती घरी ट्यूशन घेते आणि पेपर प्रिंट करायला कायम मला हाक मारायची. निघायच्या आदल्या दिवशी मी तिला शिकवत होते, ही यूएसबी, ही एचडीएमआय.

"नावं नको सांगूस गं. आपण सरळ 'जोड्या लावा' करू," म्हणाली आणि टिकल्यांचं पाकीट घेऊन बसली. प्रिंटरला लाल, माउसला काळी. मी एवढंच सांगितलं, "टिकली वरच्या बाजूला ठेव. आणि पिन आत जात नसेल तर जोर नको करूस, उलटवून बघ."

मला वाटत होतं, मी गेल्यावर हिचं कसं होणार. तिलाही माझ्याबद्दल तेच वाटत होतं बहुतेक.

इथे मी अजून कुठेच नीट बसत नाहीये. पण जोर नाही करायचा. चार्जर कुठे लावायचा ते मला माहितीये, तरी रोज आधी टिकलीला टिकली जुळवते आणि मगच वायर लावते.