बाजाराच्या दिवशीची गोळी

आमच्या मेडिकलमध्ये खोकल्याचं औषध मागायला आलेल्या माणसाला आधी स्वतःची, मग घरच्यांची आणि शेवटी कालच्या जेवणाची माहिती द्यावी लागे. कारण काउंटरवर चौकशीबाई असत. हे नाव गिऱ्हाइकांनी ठेवलेलं. पंचवटीतलं ते दुकान माझं, पण फार्मासिस्ट त्या. माझ्याकडे पावत्या फाडण्यापुरतंच काम उरलं होतं. रांग वाढली की मी मागून मुद्दाम खाकरायचो. त्या वळून विचारत, "तुम्हाला कधीपासून आहे हा खोकला?"

बरं, त्यांचं कुतूहल खरंच होतं. अर्धी गोळी घेणारे लोक ती तोडतात कशाने, असा प्रश्न मला जन्मात पडला नसता. एका आजोबांनी अडकित्त्याने तोडतो म्हणून सांगितलं, तर बाईंनी त्यांना अडकित्ता घेऊन बोलावलं आणि समोर गोळी तोडायला लावली. एक तुकडा मोठा, एक छोटा निघाला. बाईंना केवढा आनंद झाला! मग त्यांनी डॉक्टरांना फोन करून आजोबांसाठी कमी ताकदीची अख्खी गोळी लिहून घेतली.

औषध हातात देण्याआधी त्या म्हणत, "मी काय सांगितलं ते सोडा, तुम्हाला काय कळलं ते सांगा." खेड्यातल्या माणसांना त्या घड्याळ सांगत नसत. सकाळची गोळी गुरं सोडताना, संध्याकाळची दिवा लावताना. संधिवाताची एक गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, जास्त झाली तर जिवावर बेतते. ती घ्यायची गावच्या बाजाराच्या दिवशी. ही युक्ती मला इतकी आवडली होती की मी ती चारचौघांत माझी म्हणून सांगायचो.

हरसूलकडचे एक बाबा अशा दोन महिन्यांच्या गोळ्या घेऊन गेले होते. "बाजाराच्या दिशी एक," असं त्यांनी बिनचूक म्हणून दाखवलं होतं. ते तिसऱ्याच आठवड्यात परत आले.

"गोळ्या सरल्या. आन् तोंड लय आलंय, कायतरी द्या."

मी जीवनसत्त्वाच्या गोळ्या काढल्यासुद्धा. बाईंनी माझा हात धरला.

"बाबा, गोळी कधी कधी घेतलीत?"

"तुमी सांगलं तशी. बाजाराच्या दिशी."

"कुठल्या बाजाराच्या?"

"हरसूल, पेठ, त्र्यंबक. सुकट-बोंबील इकतो ना मी. तीन बाजार करतो."

बाईंनी दवाखान्यात न्यायला लगेच रिक्षा बोलावली. जगाला प्रश्न विचारणाऱ्या बाईंनी यांना धंदा काय, एवढंच विचारलं नव्हतं.

रिक्षात बाबा डोळे मिटून बसले होते. मी बाईंच्या कानाशी लागलो, "बाजाराचं डॉक्टरांना सांगू नका. बाबांना नीट कळलं नाही, एवढंच म्हणा. दुकानाचं नाव जाईल."

दवाखान्यात डॉक्टर बाबांवर ओरडले. बाबा मान खाली घालून म्हणाले, "मला अडाण्याला कळलं नाय."

"त्यांना बरोबर कळलं," बाई मध्येच म्हणाल्या. "मी सांगितलं तसंच त्यांनी केलं. सांगण्यात चूक माझी झाली."

बाबांच्या रक्तातल्या पेशी फार उतरल्या होत्या. दोन आठवडे धाकधूक होती, मग बाबा वाचले. बाई रोज जाऊन त्यांच्याजवळ बसत. दुकानाचं नाव वगैरे काही गेलं नाही. बाबाही आमच्याकडेच येत राहिले.

गेल्या वर्षी बाई आजाराने गेल्या. मला त्यांची फार सवय झाली होती, हे त्या गेल्यावर कळलं. दहाव्याला गोदाकाठी बाबा आले होते. माझ्या मनातलं इतक्या वर्षांचं ओझं मला तिथे पेलवेना.

"बाबा, त्या दिवशी रिक्षात मी बाईंना गप्प राहायला सांगितलं होतं."

"म्हायती हाय," बाबा म्हणाले. "जागाच होतो मी."

"तरी माझ्या दुकानात येत राहिलात?"

बाबांना माझा प्रश्नच कळला नसावा. ते म्हणाले, "तिथं बाई होत्या ना."