‘घरगुती जेवण समाविष्ट’: पाचगणी ते कुंडल

डॉक्टरांनी आईच्या उजव्या मनगटाला पट्टा बांधून तीन आठवडे सक्तीची विश्रांती सांगितली, आणि पाचव्या दिवशी ती डाव्या हातानं पोळ्या लाटताना सापडली. घरात आहे तोवर ही बाई ऐकायची नाही, हे मला कळून चुकलं. म्हणून तिला तीन दिवस पुण्याबाहेर काढायचं ठरवलं. अट एकच होती, तिनं स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही. ती ‘बरं’ म्हणाली. आईचं ‘बरं’ किती दिवस टिकतं हे मला माहीत असायला हवं होतं.

हॉटेलचं जेवण तिला सोसत नाही, सोडा घालतात म्हणते. म्हणून मी ॲपवर राहती घरं शोधली, जिथं एखाददुसरी खोली पाहुण्यांना देतात. एक पाचगणीचं आणि एक सांगली जिल्ह्यात कुंडलजवळचं. दोन्हीकडे ‘घरगुती जेवण समाविष्ट’ असं ठळक लिहिलेलं. रात्रीचे साधारण अडीच हजार. मी स्वतःवर फार खूश होते.

सकाळी साडेसहाला निघालो. खंबाटकी घाट लवकर उरकला तर बरा, नंतर ट्रकच्या मागं रांगावं लागतं. सुरूरला हायवे सोडून वाईत चहा घेतला आणि पसरणीचा घाट चढून साडेनऊला पाचगणीत. तिथपर्यंत सगळं छान होतं.

‘खोलीतून दरीचं विहंगम दृश्य’ या वाक्याबद्दल सांगते. खोलीतून शेजाऱ्यांची पाण्याची टाकी दिसत होती. दरी गच्चीवर जाऊन, त्याच टाकीच्या डावीकडून, मान वाकडी करून बघायची. किल्ली कुंडीखाली ठेवलेली आणि मालक फोनवर. नाश्त्याचं विचारलं तर म्हणाले, स्वयंपाकाच्या मावशी गावी गेल्यात, पण पोहे, अंडी, गॅस सगळं आहे, आपल्या हातानं करून खाल्लं की अगदी घरासारखं वाटतं. घरासारखंच हवं होतं तर आम्ही घर सोडून शंभर किलोमीटर कशाला आलो असतो? मी हे त्यांना नीट समजावून सांगत होते, आवाजही थोडा चढला असेल, तेवढ्यात आतून फोडणीचा वास आला. आईनं एका हातानं कांदा कसा चिरला, देव जाणे.

पोहे उत्तम होते, आणि त्यामुळेच जास्त राग आला. दुपारी टेबललँडवर फिरलो, रस्त्यावरच्या शेतकऱ्याकडून स्ट्रॉबेरी घेतली. बाजारातल्यापेक्षा ती स्वस्तही मिळते आणि चवीलाही बरी असते. रात्री बाहेर जेवलो. आईनं दहीभात खाल्ला आणि सोड्याबद्दल बोलली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातारा, कराड करत निघालो. कराडपर्यंत हायवे आहे. पुढं ताकारीच्या रस्त्याला लागलात आणि हंगाम उसाचा असला, तर घड्याळ काढून ठेवा. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर सगळा रस्ता व्यापून चालतात. तासाभराच्या वाटेला आम्हाला दोन तास लागले.

कुंडलचं घर मात्र फोटोत होतं त्याहून चांगलं निघालं. उसाला लागून नवी बांधलेली दोन खोल्यांची ओळ, गरम पाणी, धुतलेल्या चादरी. मालक फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार. ‘टेन्शन न्हाई घ्यायचं, फुल बंदोबस्त हाय,’ म्हणाले आणि ऊसतोडीची टोळी आली म्हणून शेताकडे गेले. तो फुल बंदोबस्त म्हणजे त्यांची बायको, शालनताई. पदरानं घाम पुसत त्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. सून बाळंतपणाला माहेरी गेलेली. आम्ही दोघी, शेजारच्या खोलीत पाचजणांचं एक कुटुंब, आणि पाहुणे येणार हे त्यांना त्या दिवशी सकाळी कळलेलं.

‘आवं, मला इचारलं असतं तर मी न्हाई म्हनलं नसतं,’ त्या आईला म्हणाल्या. ‘पर इचारायचं तरी.’

मी आईचा दंड धरून तिला ओसरीवर बसवलं. कपातला चहा संपेपर्यंत ती बसली. मग उठून आत गेली.

माझी खरी चूक मला तिथं कळली. हॉटेलात वेटरनं ताट आणलं तर आई निवांत जेवते. पण कुणाच्या घरात एक बाई चुलीपुढं घामेजलेली आणि आपण बाहेर वाऱ्याला बसलेलो, हे तिला जमतच नाही. घरगुती जेवण म्हटल्यावर घर आलं आणि घर आलं की आई आत जाणारच. भाकरी थापता येईना म्हणून तिनं लसूण सोलायचं आणि वाढायचं काम घेतलं. आतून दोघींच्या हसण्याचे आवाज येत होते आणि मी बाहेर दात ओठ खात बसले होते.

जेवायला बसल्यावर शेजारच्या गृहस्थांनी मान वर न करता ताट पुढं केलं. ‘मावशी, एक गरम भाकरी आणा.’ आई पट्टा बांधलेल्या हातानं भाकरी घेऊन आली.

दोन दिवसांचं साठलेलं सगळं माझ्या तोंडून बाहेर पडलं. ‘त्या इथं कामाला नाहीत. माझी आई आहे ती, तुमच्यासारखेच पैसे भरून आलीय.’

गृहस्थ ओशाळले, दोनदा माफी मागितली. मला वाटलं, जिंकले. पण शालनताई दारातून पुढं आल्या आणि त्यांनी आईच्या हातातली भाकरीची टोपली काढून घेतली. ‘तुमी बसा आता,’ एवढंच म्हणाल्या. त्यानंतर आमचा चहा, आमचं जेवण, सगळं खोलीत झाकून येत राहिलं. आईनं आत जायचा प्रयत्न केला की त्या हसून तिला परत पाठवायच्या. रात्री आई माझ्याकडे पाठ करून झोपली.

तिसऱ्या दिवशी सकाळी सागरेश्वर अभयारण्यात गेलो. लवकर गेलात तर हरणं दिसतात, आम्हालाही दिसली. आई बघतसुद्धा नव्हती. चढावर दम घ्यायला थांबली तेव्हा म्हणाली, ‘मी वाढलं तर तुला लाज वाटली. ती सगळ्यांना वाढत होती, तेव्हा नाही वाटली?’

मी म्हटलं, अगं, तो त्यांचा व्यवसाय आहे. आई म्हणाली, व्यवसाय सुभेदारांचा आहे, राबते ती. चूक माझी होती आणि ती सगळ्यांसमोर मोठ्यानं बोलून झाली होती.

निघताना मी शालनताईंची माफी मागितली. ‘असू द्या वो,’ म्हणाल्या, पण माझ्याकडे न बघता. आई मात्र त्यांच्याजवळ बराच वेळ कुजबुजत उभी होती. मी गाडीत बसून वाट बघितली.

घरी येऊन आठवडा झाला. ॲप रोज विचारतंय, किती तारे देणार? पाचगणीला एक देऊन मोकळी झाले. कुंडलला पाच दिले तर ते सुभेदारांच्या नावावर जमा होतात आणि आणखी पाहुणे शालनताईंच्या अंगावर येतात. अजून दिलेले नाहीत. तुम्ही जाणार असाल तर एवढं करा, ठरवताना घरातल्या बाईशी स्वतः बोलून घ्या.

काल आईनं सांगितलं, शालनताईंना तिनं आपल्याकडे बोलावलंय. शनिवारी येतायत, दोन दिवस राहणार. शालननं पाण्याचा पेलासुद्धा उचलायचा नाही, असं तिनं त्यांना बजावलंय म्हणे.

‘आणि तुझा हात असा असताना स्वयंपाक कोण करणार?’ मी विचारलं.

‘तू.’

डबा सांगू का, असं मी म्हटल्यावर आईनं नुसतं माझ्याकडे बघितलं. शनिवारला चार दिवस उरलेत आणि माझी भाकरी अजून परातीतून तव्यावर जाईपर्यंत तुटतेय.