कंट्रोलमधल्या सव्वीस बायका

पाडा सोडला त्या सकाळी बाबा वज्रेश्वरीच्या स्टँडपर्यंत माझ्या पुढं चालत होते. डोक्यावर माझी पत्र्याची पेटी, आणि माझं बी.ए.चं सर्टिफिकेट प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सदऱ्याच्या आत, पोटाशी. भिवंडीची एसटी लागली. आई खिडकीखाली उभी राहून नाचणीच्या भाकऱ्यांचं गाठोडं वर देत होती. बाबांचं अर्धं आयुष्य वीटभट्टीवर गेलेलं. ते एवढंच बोलले, "मंगल, साहेबीन हो. पन मुकादमासारखी बोलू नको कोनाशी."

भट्टीवरचा मुकादम मी लहानपणी पाहिला होता. तो कुणाला नावानं हाक मारत नसे. नुसतं 'ए' म्हणायचा. मी बाबांना हसले. मी कशाला तशी बोलेन?

पाड्यावर राहिलात त्या तुम्हा सगळ्यांना, आणि माझ्यासारख्या कुठं कुठं खोली घेऊन राहणाऱ्यांना हे लिहिते आहे. गेले काही दिवस एका इंग्रजी शब्दानं मला जागेवर बसू दिलेलं नाही.

मी भिवंडीजवळ कोन गावात खोली घेतली आणि तिथल्या एका गोडाऊनमध्ये पॅकिंगला लागले. दोन वर्षांत चार नंबर लाइनची सुपरवायझर झाले. आमच्या पाड्यात पहिली ग्रॅज्युएट मी, पहिली सुपरवायझरही मीच. हे सांगायला मला लाज नाही. संध्याकाळी ड्युटी संपताना साहेबांना फोनवर इंग्रजीत रिपोर्ट लिहून पाठवायचा असे. आपण म्हणतो ना, मी लाइन बघते, तसं मी लिहायचे, 'आय सी लाइन फोर.' साहेबांनी एकदा फोन माझ्यासमोर धरला. "मंगल, ये 'सी' क्या है? बघायला तर सीसीटीव्ही पण आहे. कंट्रोल लिही, कंट्रोल!"

तेव्हापासून लिहायला लागले, 'आय कंट्रोल लाइन फोर.' खोटं कशाला बोलू, लिहिताना बरं वाटायचं. पाठ ताठ व्हायची. मग तो शब्द घरीही आला. खोलीतली मैत्रीण रुबिना इंग्रजीचा क्लास लावून होती, म्हणून आम्ही आपसात इंग्रजीच बोलायचं ठरवलेलं. एकदा ती म्हणाली, गॅसपाशी काय करतेस? मी म्हटलं, "आय ॲम कंट्रोलिंग द मिल्क." तेवढ्यात दूध उतू गेलं. "अब कर कंट्रोल, मॅडम!" म्हणून ती पोट धरून हसली. आठवडाभर मला दूध तापवू दिलं नाही तिनं.

पुढच्या वर्षी जमनाआते माझ्या लाइनला आली. बाबांची थोरली बहीण. रोज पहाटे कंपनीच्या बसनं वज्रेश्वरीकडून यायची. चार लोकांत ती मला न सांगता 'मॅडम' म्हणायची, आणि जेवणाच्या सुट्टीत पायरीवर बसली की 'मंगे'. डबा उघडला की आधी अर्धी भाकरी माझ्याकडे सरकायची.

मग शिफ्ट इन्चार्जची जागा निघाली. टेबलामागं तीन साहेब. पहिलाच प्रश्न, तू किती माणसं कंट्रोल करतेस? मी एका दमात सांगितलं, "सर, आय कंट्रोल ट्वेंटी-सिक्स लेडीज." साहेब खूश दिसले. त्यांनी लाइनमधल्या कुणालातरी एकीला आत पाठवायला सांगितलं. गेली ती नेमकी आते. ती माझी कोण लागते हे त्यांना ठाऊक नव्हतं.

सुट्टीत आते हसतच आली. "तुझ्यासाठी चांगलं बोलून आले बघ."

"काय विचारलं त्यांनी?"

"मॅडमचा कंट्रोल हाय का तुमच्याव, म्हनं. मी सांगितलं, न्हाय साहेब, अजिबात न्हाय. आमची पोर हाय ती. ती सांगते, आमी करतो."

घास माझ्या तोंडातच राहिला. जागा दोन नंबर लाइनच्या माणसाला मिळाली. त्याचा आवाज तीन शटर पलीकडं ऐकू जायचा.

मी आतेशी बोलणं टाकलं. पायरीवर जायचं सोडलं. चौथ्या दिवशी तिच्याकडून एका खोक्यावर टेप वाकडी लागली, आणि सगळ्या लाइनसमोर माझ्या तोंडून निघालं, "ए! हात कुठं आहेत तुझे?"

ए.

आतेनं वर बघितलं. टेप सोलून काढली आणि पुन्हा सरळ लावली.

आवणीला मी रजा टाकून पाड्यावर आले, ते तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिलं आहे. भात लावताना आपल्याकडं रांगेला मुकादम नसतो. सगळ्यांत म्हातारी बाई मधे उभी राहते आणि तिच्या हाताच्या चालीनं रांग मागं सरकते. कुणी पुढं पळत नाही. हे मला चिखलात पाय टाकल्यापासून माहीत. तरी त्या दिवशी माझा जीव चुळबुळत होता. दोन ओळी झाल्या नाहीत तोच मी म्हणाले, "जरा स्पीड ठेवा ना!"

सगळ्यांचे हात थांबले. कुणीतरी मागून "मॅडम आल्यात" म्हणालं. आतेही रजा टाकून आलेली, माझ्या शेजारीच होती. कमरेतून सरळ न होता बोलली, "मंगे, तुला घाई आसंल तर तू जा फुढं. रांग हितंच हाय."

ते मला शिव्यांपेक्षा जास्त लागलं. तेव्हापासून कोनला असले की वाटतं पाड्यावर जावं, आणि पाड्यावर आले की फोनला रेंज शोधत टेकडीवर चढते. सुट्टीच्या दिवशीही भोंग्याच्या वेळेला जाग येते.

परवा दोन नंबरवाला काम सोडून गेला. जागा पुन्हा निघाली. या वेळी फॉर्म आहे, इंग्रजीत. तिसऱ्या ओळीत छापलंय, 'पर्सन्स अंडर युवर कंट्रोल', आणि पुढं रिकामा चौकोन. शून्य लिहिलं तर जागा जाते. सव्वीस लिहिलं तर ते मुकादमाचं 'ए' पुन्हा माझ्याच अक्षरात कागदावर येतं. आणि जागा मला हवी आहे. हेही स्पष्टच सांगते.

काल फॉर्म घेऊन पायरीवर गेले. किती महिन्यांनी. आतेला म्हटलं, "आते, त्या दिवशी 'ए' म्हणाले. चुकलं माझं."

"चुकलंच," ती म्हणाली, आणि भाकरी मोडली. "कागूद कसला तो?"

मी वाचून दाखवलं. माझ्या कंट्रोलखाली माणसं किती, ते लिहायचंय. सव्वीस.

"सव्वीसमधी मी पन?"

"हो."

तिनं घास गिळला. मग अर्धी भाकरी माझ्याकडं सरकवली.

"मंग सत्तावीस लिव. तूबी लाइनीतच हायस ना?"

घर कुठं, असं कुणी विचारलं की मी आधी पाड्याचं नाव सांगायचे, नंतर नंतर कोनचं सांगायला लागले. आता वाटतं, जिथं मला मोजल्याशिवाय आकडा पुरा होत नाही, ते घर. ते कधी चिखलात असतं, कधी गोडाऊनच्या पायरीवर.

फॉर्म शनिवारी द्यायचा आहे. चौकोनात मी पेनानं सत्तावीस लिहिलंय. सत्ताविसावी कोण, असं साहेब विचारतीलच. विचारू देत.