तपासले, बरोबर आहे

माझे बाबा छापखान्यात प्रुफं तपासायचे. चुका शोधायची इतकी सवय, की लग्नाची पत्रिका हातात पडली तरी नवरानवरीच्या आधी स्वल्पविराम बघायचे. आई म्हणायची, "दुसऱ्याची चूक मैलावरून दिसते यांना, स्वतःच्या शर्टाचं तुटलेलं बटण तेवढं दिसत नाही." गल्लीत त्यांना 'चूकमास्तर' म्हणत आणि ते बाबांना मनापासून आवडायचं.

फॉर्म तपासायची त्यांची एक खास पद्धत होती. नुसता वाचून सोडायचे नाहीत, प्रूफ स्वतः भरून बघायचे, तेही आमच्याच घरची खरी माहिती घालून. "खरी नावं घातल्याशिवाय रकाना पुरतो का ते कळत नाही," म्हणायचे. मग खाली 'तपासले, बरोबर आहे' असा शिक्का आणि सही. ते भरलेलं प्रूफ संध्याकाळी मला पाठकोरा कागद म्हणून मिळायचं. माझी निम्मी गणितं आईच्या जन्मतारखेच्या पाठीवर झाली आहेत.

त्या दिवशी सरकारी कचेरीतून घाईचं काम आलं होतं, घरोघरच्या नोंदणीचा फॉर्म. नववा रकाना होता आजीआजोबांच्या धर्माचा. आईची आजी त्या लोकांतली, ज्यांच्या दुकानांवर हल्ली कुणीतरी शिव्या रंगवून जायचं. आमच्या घरात हे कुणी लपवत नव्हतं, कुणी बोलतही नव्हतं. बाबांनी लिहिलं. सगळं नीट मावलं याचंच त्यांना समाधान. शिक्का मारून, प्रूफ मालकांच्या टेबलावर ठेवून ते जेवायला घरी आले.

मी इतिहासाचं पुस्तक घेऊन बसले होते. "बाबा, महायुद्धातल्या ज्यूंचा धडा वगळलाय. परीक्षेला नाही. सुटले बाई!"

"तो? मीच तपासलाय. सात वेळा वाचला. एक चूक नाही सापडली."

"मग ऐका तुमचा बिनचूक धडा," म्हणत मी चेष्टेने वाचायला लागले. साठ लाख माणसं मारली गेली. पण मारण्याच्या कितीतरी आधी कागद तयार झाले होते. कुणाचे आजीआजोबा कोण, हे विचारून नोंदी झाल्या. ज्यांनी त्या केल्या ते साधे कारकून होते, आपलं काम चोख करणारे.

बाबांचा घास हातातच राहिला. हात न धुता ते तसेच उठले आणि धावत सुटले. त्यांचा तो चेहरा बघून मला इतकी भीती वाटली, की मीही मागून पळाले, थेट छापखान्यापर्यंत.

"फॉर्मची फाइल गेली की," मालक म्हणाले. "त्यांचा माणूस मघाशीच घेऊन गेला."

"आणि मी भरलेलं प्रूफ?"

"तेही गेलं. साहेब खूश आहेत, फोन आला होता. प्रत्येकाने असाच भरायला हवा म्हणाले."

"अहो, त्यात माझी बायको आहे."

"असेना! घाबरायचं काय त्यात? साधा फॉर्म आहे."

बाबा माझा हात धरून घराकडे निघाले.

घरी आई म्हणाली, "जाऊन परत मागून आणा ना."

"मागायला गेलो की विचारतील, का हवाय?" बाबा म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "तो धडा वाच गं. पहिल्यापासून. सात वेळा वाचला आणि फक्त चुका शोधल्या मी."

मी वाचला. परीक्षेला नसलेला तो एकच धडा मला आजही तोंडपाठ आहे. त्यानंतर जिन्यात पावलं वाजली की आम्ही तिघं बोलायचं थांबायचो. आईने खिडकीत उभं राहणं सोडलं.

तीन आठवड्यांनी कचेरीचा माणूस फॉर्मचा गठ्ठा घेऊन आमच्या मजल्यावर आला. बाबांनी दार उघडलं आणि फॉर्म घ्यायला हात पुढे केला. माणसाने आपल्या यादीवर बोट फिरवलं आणि हसून म्हणाला, "तुमचा नको हो. तुमचा सगळ्यांत आधी आलाय."

मग त्याने खिशातून खडू काढला, आमच्या दारावर बरोबरची खूण केली आणि शेजारचं दार वाजवलं.