पेल्यातले दात

दिवसभरात कवळीमास्तर एकच काम वेळेवर करायचे. सकाळी सातला उठून कपाटावरचा काचेचा पेला उतरवायचा, त्यातलं शिळं पाणी ओतायचं, नळाचं ताजं भरायचं आणि बायकोचे दात परत त्यात सोडायचे. बाकी सगळा आनंदच होता. दाढी आठवड्यातून एकदा, जेवण आठवलं तर, आणि झोप येईल तेव्हा आणि येईल तिथं.

पाणी बदलणं हे धंद्यातलं शहाणपण. कवळी कोरडी पडली की वाकते, मग ती तोंडात बसत नाही. आता ही कवळी कुणाच्या तोंडात बसायची होती? पण हे मास्तरांना विचारणारं घरात कुणी नव्हतं, आणि स्वतःला विचारायची त्यांची छाती नव्हती. बायकोला जाऊन आठ महिने झाले होते.

खाली दातांचा दवाखाना, वर मास्तरांच्या दोन खोल्या. मागच्या खोलीत संसार, पुढच्या खोलीत कारखाना. खाली डॉक्टरीणबाई माणसांच्या हिरड्यांचे ठसे घ्यायच्या, वर मास्तर त्या ठशांवरून प्लॅस्टरचा जबडा ओतायचे, मेणात दात रोवायचे आणि कवळी घडवायचे. चाळीस वर्षांत निम्म्या शहराच्या तोंडात त्यांचे दात गेले, पण माणसं क्वचितच दिसली. जबडे दिसायचे. रस्त्यात कुणी हसलं की मास्तर मनात म्हणायचे, हं, हा आपला.

त्यांची कवळी कुणाला कवळी वाटायची नाही, आणि त्यात अर्धा हात बायकोचा होता. मेणात दात रोवून झाले की मास्तर हाक मारायचे, "अगं, बघ गं जरा." ती हात पुसत यायची, माणसाचा तरुणपणीचा फोटो एका हातात, मेणाचा जबडा दुसऱ्या हातात. "अहो, ह्याचा सुळा जरा बाहेर होता की. ठेवा तसाच. नाहीतर बायको घरात घेणार नाही त्याला." मग मास्तर सुळा बाहेर काढायचे. दात सरळ बसवायला कुणीही बसवतो. त्या माणसाचा वाकडेपणा परत त्याच्या तोंडात ठेवणं, ही खरी कारागिरी.

ती गेली आणि मास्तरांच्या हातून सगळे दात सरळ बसायला लागले. पांढरे, एका उंचीचे, न्हाणीघराच्या फरश्यांसारखे. फोटो पाकिटातच राहायचे.

पहिली कवळी परत आली तेव्हा डॉक्टरीणबाई काही बोलल्या नाहीत. दुसरी आली तेव्हा स्वतः जिना चढून वर आल्या. खोलीभर नजर फिरवली. खिडकी बंद, प्लॅस्टरची धूळ, बशीत तीन दिवसांपूर्वीचा टोस्ट.

"मास्तर, हा टोस्ट खायला ठेवलाय की साचा घ्यायला?"

मास्तर कसनुसं हसले.

"मी तुमचं काम काढून घेणार नाही," त्या म्हणाल्या, "पण आणखी एक परत आली, तर मला दुसरीकडे द्यावं लागेल. पेशंट माझ्या नावानं खडे फोडतात. आणि खरं सांगू? कामाचं मला एवढं नाही. तुम्ही संपत चाललाय, ते बघवत नाही. माझी एक मैत्रीण आहे, मनाची डॉक्टर. उद्या अकराला वेळ घेतलीये. नाही म्हणायचं नाही."

"मला वेड लागलंय का?"

"दाढ दुखली की माझ्याकडे येणाऱ्याला वेड लागलेलं असतं का?"

दुसऱ्या दिवशी अकराला मास्तर गेले.

मनाच्या डॉक्टरांनी पाऊण तास ऐकून घेतलं. म्हणजे मास्तर पाऊण तास गप्प बसले आणि बाईंनी ते ऐकून घेतलं. शेवटी एका कागदावर त्यांनी मोठ्या अक्षरात लिहून दिलं. सकाळी अर्धा तास उन्हात चालायचं. जेवण ताटात वाढून, खुर्चीवर बसून, वेळेला. दिवसा अंथरुणावर पडायचं नाही. रोज एका तरी माणसाशी कामाशिवाय दोन शब्द बोलायचे. गोळीचं महिन्याभरानं बघू म्हणाल्या. कागद मास्तरांच्या हातात गेला होता, तो परत मागून घेतला आणि खाली आणखी एक ओळ लिहिली: जे आत अडकलंय, ते एकाला तरी सांगायचं.

"अडकलेलं काही नाही," मास्तर म्हणाले.

"बरं. मग ते सगळ्यात शेवटी करा."

मास्तरांनी कागद भिंतीला चिकटवला. हुकूम पाळायची सवय हाडात होती, त्यामुळे पाळला, पण कसा? कोपऱ्यापर्यंत जाऊन सावलीतून परत यायचे आणि चालणं झालं म्हणून खूण करायचे. ताट घ्यायचे, त्यात एक उकडलेलं अंडं ठेवायचे, आणि खुर्चीवर बसून त्याच्याकडे बघत राहायचे. दूधवाल्याला रोज म्हणायचे, "आज गारवा आहे." तो म्हणायचा, "आहे." झाले दोन शब्द. भर उन्हाळ्यात एक दिवस मास्तर "आज गारवा आहे" म्हणाले, तेव्हा दूधवाल्यानं पिशवी खाली ठेवून त्यांच्या कपाळाला हात लावून बघितला.

आणि रोज संध्याकाळी लेकीचा फोन. लेक दूरच्या शहरात होती.

"बाबा, जेवलात?"

"जेवलो."

"झोप?"

"लागते."

"बरं मग."

"हं. ठेवतो."

अर्धं मिनिट. कधी त्याहून कमी. मास्तरांना वाटायचं, पोरीला तिचा व्याप आहे, कशाला गळ्यात पडा. ती आणखी काही विचारेल, अशी भीती वाटायची ती वेगळीच.

कारण अडकलेलं होतं. चांगलं हाडासारखं आडवं अडकलेलं होतं.

तिसरी कवळी परत आली, ती एकटी आली नाही. तिच्याबरोबर तिची मालकीणही वर आली. शाळेतून निवृत्त झालेल्या गणिताच्या बाई. काठी टेकत आल्या, परवानगी न घेता मास्तरांच्या समोरच्या स्टुलावर बसल्या.

"कवळीमास्तर तुम्हीच का? मग हे काय केलंत? माझी शिटी कुठं गेली?"

"शिटी?"

"माझ्या पुढच्या दोन दातांत फट होती. साठ म्हटलं की शिटी वाजायची, सत्तर म्हटलं की वाजायची. चौतीस वर्षं पोरं मला शिटीबाई म्हणत होती. तोंडावर नाही, पाठीमागं. मला काय कळत नव्हतं? आता काल एक जुना विद्यार्थी भेटला, केस पिकलेला. मी बोलले तर माझ्याकडे असा बघायला लागला, जणू ही कोण म्हातारी! फोटो दिला होता मी. बघितला होता का?"

मास्तरांनी पाकीट शोधलं. बंदच होतं. फोडलं. काळ्या-पांढऱ्या फोटोत फळ्यासमोर एक तरुण बाई हसत होती, आणि पुढच्या दोन दातांत सुईचं नेढं दिसावं तशी फट.

"चुकलं," मास्तर म्हणाले.

"चूक कबूल केली की माझ्या वर्गात अर्धे मार्क मिळायचे. उरलेले अर्धे करून दाखवा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, समोर बसून करून घ्या, उठू नका. मी डबा आणलाय."

नवीन कवळी करायची गरज नव्हती. दोन दातांच्या मधून बारीक चकती फिरवायची, केसभर घासायचं, घालून बघायचं, परत घासायचं. मास्तरांनी हात पुढे केला. बाईंनी तोंडावर रुमाल धरला, वरची कवळी काढून त्यांच्या तळहातावर ठेवली, आणि ओठ घट्ट मिटून घेतले. दात नसताना बोलणं बाईंना कमीपणाचं वाटत असावं.

चकतीचा बारीक आवाज येत राहिला. पहिल्या घासणीनंतर मास्तर म्हणाले, "घालून बघा."

बाईंनी घातली. "सात साते एकोणपन्नास. छे! नाही वाजत. सात आठे छप्पन्न. अजून घासा."

दुसऱ्यांदा कवळी हातात आली, आणि ओठ किती आत जातो ते बघायला मास्तर सवयीनं म्हणाले, "रुमाल जरा बाजूला करा."

बाईंनी केला. मास्तरांनी वर बघितलं.

गाल आत गेलेले. वरचा ओठ सुरकुतून आत ओढलेला. हनुवटी वर आलेली. चाळीस वर्षं मास्तरांनी प्लॅस्टरचे जबडे बघितले होते. दात काढलेला जिवंत चेहरा त्यांच्यासमोर कुणी आणत नसे. ते सगळं खाली दवाखान्यात व्हायचं. असा चेहरा त्यांनी आयुष्यात एकदाच बघितला होता.

चकती थांबली.

"आमची ही अशी गेली," मास्तर म्हणाले. आपण बोलतोय हे त्यांना बोलून झाल्यावर कळलं. "दात नव्हते तोंडात. मीच केले होते तिचे. चांगले केले होते. खालचा एक दात वाकडा ठेवला होता, तिचा होता तसा. दवाखान्यात अकरा दिवस होती. तिथल्या नर्सनं एका डबीत घालून माझ्या हातात दिले, सांभाळा म्हणाली. मी शर्टाच्या खिशात ठेवले. सांभाळले. असे सांभाळले की... माणसं आली, सगळ्यांनी तोंड बघितलं तिचं. मीपण बघितलं. तरी माझ्या लक्षात येऊ नये? स्मशानातून घरी येऊन शर्ट खुंटीला अडकवला, तेव्हा डबी वाजली."

बाई रुमाल हातात धरून बसल्या होत्या. तोंड झाकायचं विसरल्या होत्या.

"दात घातल्याशिवाय दार उघडायची नाही हो ती. दूधवाला खोळंबायचा. मला म्हणायची, अहो, मला असं कुणी बघायला नको. चाळीस वर्षं मी लोकांची तोंडं भरली. आणि माझ्या माणसाला..."

मास्तर टेबलावर वाकले आणि प्लॅस्टरच्या धुळीत कपाळ टेकून रडले. बायको गेली त्या दिवशीही ते असे रडले नव्हते.

बाईंना बोलता येत नव्हतं, ते एका परीनं बरंच झालं. "जाऊ द्या", "तिला कळलं थोडंच", असलं काही त्या म्हणाल्या नाहीत. स्टूल पुढे सरकवून बसल्या. हुंदके थांबल्यावर बोटानंच खूण केली: कुठं आहेत?

मास्तरांनी पेला आणला. बाईंनी चष्मा लावून तो उजेडात धरला, गोल फिरवला, एखाद्या पोराची वही तपासावी तसा. मग आपली कवळी मागून घेतली, तोंडात बसवली आणि म्हणाल्या, "डावीकडच्या दाढा झिजल्यात. डावीकडून चावायच्या."

"हो," मास्तर म्हणाले. "उजवा कान दुखायचा तिचा."

"मुलं?"

"एक मुलगी."

"तिला सांगितलंत हे?"

मास्तरांनी नाही म्हणून मान हलवली.

"मला सांगून काय उपयोग? मी परकी. घासा आता, अर्धी शिटी वाजतेय."

तासाभरानं शिटी पूर्ण वाजली. बाई सातचा पाढा म्हणत जिना उतरल्या; एकसष्ट, बासष्ट करत रस्त्यावर गेल्या असाव्यात. मास्तरांनी त्या दिवशी भिंतीवरच्या कागदावर खूण केली नाही. विसरले.

संध्याकाळी फोन आला.

"बाबा, जेवलात?"

"नाही," मास्तर म्हणाले. "थांब. ठेवू नको. एक सांगायचंय. आईचे दात..."

मास्तरांनी सगळं सांगितलं, खिसा, डबी, खुंटी.

"ऐकतेस ना?"

"मला माहीत आहे, बाबा."

"काय?"

"तिचा चेहरा मीच पुसला ना. तेव्हाच बघितलं. तुम्हाला विचारणार होते दात कुठं आहेत म्हणून. पण तुम्ही असे उभे होता... आणि माणसं दारात आली होती. मला वाटलं, तुमच्या लक्षात आलेलं नाही. आता विचारलं तर जन्मभर लागून राहील तुम्हाला. म्हणून गप्प बसले. नुसतं विचारायचं होतं. एका मिनिटाचं काम होतं. रोज फोन करते तेव्हा वाटतं, आज कळलं असेल का तुम्हाला."

"म्हणून लगेच ठेवायचीस?"

"तुम्ही ठेवायचात."

दोघंही रडत होते, आणि एकमेकांना ऐकू जाऊ नये म्हणून आता कुणीच आवाज दाबत नव्हतं. आठ महिने बाप लेकीला आणि लेक बापाला एकाच गोष्टीपासून वाचवत बसली होती, आणि दोघांपैकी कुणीच वाचलं नव्हतं.

बऱ्याच वेळानं तिनं विचारलं, "अजून आहेत ते?"

"पेल्यात ठेवलेत. रोज सकाळी पाणी बदलतो."

"कसलं पाणी?"

"कसलं म्हणजे? नळाचं."

"गार? आई कोमट घालायची, बाबा. सकाळी गार दात तोंडात घातले की तिला हुडहुडी भरायची. तुम्ही उठायच्या आत करून ठेवायची."

मास्तरांना हे माहीत नव्हतं. चाळीस वर्षं दातांत घालवली, आणि हे माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला त्यांनी गॅसवर किटली ठेवली. पाणी जरा जास्तच तापलं. गार मिसळलं, बोट बुडवून बघितलं, आणखी थोडं मिसळलं. दात त्यात सोडले. ते तळाशी गेले आणि नेहमीसारखेच कुणाहीकडे न बघता हसत राहिले. मास्तर पेल्यासमोर उभे राहिले. उन्हात जायची वेळ टळत होती. मग त्यांनी स्वतःहून फोन उचलला.

"कोमट केलं," ते म्हणाले.

"किती?"

"बोट बुडवून बघितलं. सोसवेल एवढं."

"मग बरोबर," लेक म्हणाली.

पुढं काय बोलायचं ते दोघांनाही सुचलं नाही. पण फोन कुणी ठेवला नाही.