आमच्या मालकांचं जीपीएस

आम्ही जुने लोक चहाला जमलो की कुणीतरी म्हणतंच, "ते जीपीएसचं सांग रे!" आता कुठलं सांगू? मालकांनी एवढा मसाला पुरवलाय की एका चहात उरकत नाही.

लातूरला एका ट्रान्सपोर्टमध्ये मी बुकिंगला होतो. मालक रमाकांतशेठ. पुण्याला कसल्याशा सेमिनारला जाऊन आले आणि सगळ्या गाड्यांना जीपीएस लावलं. केबिनमध्ये भलामोठा स्क्रीन! त्या दिवसापासून मालकांनी खिडकीबाहेर बघणं सोडलं.

* * *

एकदा ड्रायव्हर सलीमभाई नांदेडहून माल घेऊन आला. ट्रक दारात लावला, केबिनमध्ये आला. "शेठ, माल उतरवू का?"

मालक स्क्रीनवरून नजर न हलवता खेकसले, "गप! तू अजून अहमदपूरला हायेस!"

सलीमभाई शांतपणे बाकड्यावर टेकला. "बरं, आलो की सांगा!"

* * *

नांदेड शहरात माल वाटायला किशनचा टेम्पो होता. महिनाअखेरीस तो लातूरला आला तेव्हा मालकांनी सगळ्यांदेखत त्याला हार घातला. "शिका काहीतरी! लग्नसराईतबी दिवसभर फिरून राहिला होता, चौकाचौकात डिलिव्हरी!"

किशन त्या दिवसांत धर्माबादला मेव्हणीच्या लग्नात जेवून राहिला होता. जीपीएसची डबी मात्र नांदेडच्या सिटीबसच्या सीटखाली!

* * *

मग फर्मान निघालं : स्क्रीनवरची निळी रेषा सोडली की त्या दिवसाचा खाडा!

निळ्या रेषेनं होस्टेलच्या खाटांचा ट्रक थेट ट्यूशनच्या गल्लीत घातला. नेमके क्लास सुटलेले. पुढं सायकली, मागं स्कूट्या. मालक फोनवर ओरडले, "हॉर्न मार!"

"मारला, मालक. वरच्या क्लासातून सर ओरडले, टेस्ट चालू हाय. आता पोरं माझ्याच खाटांवर बसून उत्तरं जुळवून राहिलीत!"

* * *

शेवटचा किस्सा बालाजी ड्रायव्हरचा. त्याच्या गावच्या शाळेचे बाक पोचवायचे होते. भूकंपात त्याची माय गेली, गाव नंतर दुसरीकडं नव्यानं वसलं. नकाशात मात्र जुन्याच जागी. बालाजीनं निघताना सांगितलं, "मालक, तिथं आता निस्ते दगड अन् बाभळी हायेत."

"रेषा सोडायची न्हाई!"

गेला बिचारा. तिथून त्याचा फोन आला. मालकांनी स्पीकर लावला, आम्ही सगळे केबिनमध्येच होतो.

"मालक, पोचलो. बाक कुणाच्या ताब्यात देऊ? हितं कुणीच न्हाई."

"कुणी न्हाई कसं? गावाचं नाव स्पष्ट दिसून राहिलंय! हाक मार की कुणाला तरी!"

फोन चालूच होता. ट्रकचं दार उघडल्याचा आवाज आला. मग बालाजीची हाक, जोरात.

"माऽऽय!"