कंसातल्या ओळी

आमच्या थोरल्या मामांनी वयाच्या एकसष्टाव्या वर्षी हिब्रू शिकायला घेतली, ती देवासाठी नव्हे, धाकट्या मामांसाठी. हे ते मरेपर्यंत कबूल करणार नाहीत, म्हणून मीच सांगून टाकते.

सदतीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासलेला माणूस. मजकुरातला एक शब्द गळलेला दिसला की यांना जेवण जात नसे. निवृत्त झाल्यावर सवयीने त्यांनी आमच्या चर्चमधल्या रविवारच्या उपासनेची पुस्तिका पट्टी लावून तपासली आणि घबाडच हाती लागलं. जुन्या हिब्रू स्तोत्रांच्या मराठी भाषांतरात काही ओळी कंसात होत्या, आणि कंसातलं मोठ्याने वाचायचं नाही, हा आमच्या मंडळीचा शिरस्ता. गोड गोड ओळी म्हणायच्या. शत्रूचे दात पाड, त्याचं घर ओसाड कर, असल्या ओळी गुपचूप गाळायच्या.

"देवापुढे गळका मजकूर!" मामा कडाडले. मुळाशी ताडून बघायला जुन्या बाजारातून हिब्रूचा कोश आला, व्याकरण आलं, आणि जेवायच्या टेबलावर पट्टीच्या आधाराने उजवीकडून डावीकडे वाचन सुरू झालं. मामी ताटं घेऊन उभी.

"या कवितेत पहिली ओळ जे सांगते, तेच दुसरी ओळ वेगळ्या शब्दांत सांगते," मामा सांगू लागले.

"त्यात काय एवढं? 'जेवायला बसा' हे माझं चार वेगळ्या शब्दांत सांगून झालं," मामी म्हणाली.

अभ्यास मात्र खरा होता हं, उगाच खोटं कशाला बोलू? कुठलं स्तोत्र मिरवणुकीत गायचे, कुठलं कुणी एकट्याने रडत म्हटलं असेल, ख्रिस्ती उपासनेने ते कसं आपलंसं केलं, हे ऐकताना मीसुद्धा घरी जायचं विसरायची. पण गाडी फिरून फिरून शत्रूवरच यायची. आणि आमच्याकडे शत्रू म्हणजे उजवीकडच्या तिसऱ्या बाकावरचे धाकटे मामा.

आजी दूरच्या गावी धाकट्यांकडे असायची. ती वारल्याचं त्यांनी दीड दिवस उशिरा कळवलं. थोरले पोचले तेव्हा माती देऊन झाली होती. एक मूठसुद्धा त्यांच्या वाट्याला आली नाही. पुढे धाकट्यांची बदली इथेच झाली, त्यांचं कुटुंब याच मंडळीत आलं, पण अकरा वर्षांत दोघांत एक शब्द नाही. एकाच छपराखाली दोघंही देवाला हाक मारणार, एकमेकांना नाही! मला दोन्ही मामा सारखेच सख्खे. दोघं एकदा एका टेबलाशी बसलेले दिसावेत, एवढंच मला हवं होतं.

एका रविवारी सगळे कंसापाशी थांबले आणि थोरले मामा थांबलेच नाहीत. अख्ख्या देवळात एकट्याचा खणखणीत आवाज, तोही दात पाडण्याविषयी. पाळकांनी घाईघाईने पुढची ओळ सुरू केली. त्या दिवसापासून मंडळीतली पोरं त्यांना 'कंसमामा' म्हणायला लागली. नाव मीच ठेवलं होतं, पण ते असो.

पाळकांनी त्यांना बोलावून घेतलं. "अहो, देवळात प्रेमाचं बोलावं."

"मग राग काय शेजाऱ्याच्या दारात जाऊन ओकायचा?" मामा म्हणाले. "आणि या कवितांत शत्रूचं नाव कुठे आहे, दाखवा मला. कुणालाही म्हणता यावं म्हणून ती जागा मोकळी सोडलीय."

तीन वर्षं डोकं खाल्ल्यावर पाळकांनी हात टेकले. एक स्तोत्र पूर्ण वाचायचं ठरलं, कंसांसकट. पहिली ओळ डावीकडच्या बाकांनी म्हणायची, दुसरी उजवीकडच्यांनी.

मामा ठेवणीतला कोट घालून डावीकडे पुढे बसले. पहिली शापाची ओळ त्यांनी अशी फेकली की तिसऱ्या बाकाला लागावी. मग उजवीकडून उत्तर आलं, आणि त्यात एक आवाज सगळ्यांच्या वर होता. धाकटे मामा! वाण्याकडे सुटे मागायलासुद्धा लाजणारा माणूस. ते पुस्तिकेत बघतच नव्हते. थोरल्या भावाकडे बघत, भरल्या डोळ्यांनी, एकेक शब्द चावून म्हणत होते. दोन ओळींनंतर थोरल्यांचा आवाज बंद झाला. झालं, म्हटलं, आता हे जन्मात जुळत नाही.

घरी आल्यावर मामांनी बूट काढले आणि तसेच बसून राहिले.

"तो माझ्याकडे बघून म्हणत होता," ते मामीला म्हणाले.

"मग तुम्ही कुणाकडे बघून म्हणत होता?"

"पण मी त्याचं काय वाकडं केलंय?"

मामीने गॅस बंद केला. "सासूबाई चार वर्षं अंथरुणाला खिळून होत्या. तुम्ही किती वेळा गेलात?"

"छापखान्यात मान वर करायला फुरसत नव्हती, तुला माहीत आहे. पण दर आठवड्याला पत्र लिहिलं. एक आठवडा चुकवला नाही."

"नाही चुकवला. पण त्यांची नजर गेली होती. ती पत्रं त्यांना वाचून कोण दाखवायचं?"

मामांनी बूट परत पायांत घातले आणि धाकट्याचं घर कुठल्या गल्लीत आहे, ते मला विचारलं.